न पाहिलेल्या बर्फाचे तैलचित्र

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या बाई नागपूरच्या निवृत्त शिक्षिका असून वय ६१ आहे. निवृत्तीनंतर त्या तैलरंगात काम करू लागल्या. फुटाळ्याचा काठ, महालातले जुने वाडे, अंबाझरीची झाडे अशी चित्रे त्यांनी केली आहेत. त्यांची मुलगी कॅनडातील क्यूबेक शहरात राहते आणि तिने तेथे नुकतेच घर घेतले आहे. गेल्या नाताळच्या सुट्टीत मुलीने जुन्या घराच्या खिडकीतून एक छायाचित्र काढले होते: भर दुपार, स्वच्छ निळे आकाश, उंच दगडी घरांमधली अरुंद गल्ली आणि सर्वत्र बर्फ. त्यावरून तैलचित्र करून ते डिसेंबरात तिकडे जाणाऱ्या नातेवाइकांबरोबर पाठवावे आणि मुलीला आधी काहीच कळू देऊ नये, असा बाईंचा बेत आहे. मे महिन्यापासून दोन कॅनव्हास झाले. पहिल्यात बर्फ राखाडी आणि मळका झाला. म्हणून दुसऱ्यात सगळीकडे पांढरा रंग लावला, तर तो "भिंतीला चुना फासल्यासारखा" दिसू लागला. त्यांच्या चित्रकलेच्या वर्गातील एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात, जे डोळ्यांनी पाहिले नाही ते रंगवणे ही नक्कल होय. यजमान म्हणतात, आधी सिमल्याला जाऊन येऊ. बाई विचारतात: चित्र सोडून द्यावे, सिमल्याला जावे, की छायाचित्र जसेच्या तसे उतरवावे?

सप्रेम नमस्कार.

तुम्ही मांडलेल्या तिन्ही पर्यायांच्या मुळाशी एकच गृहीतक आहे: दोन कॅनव्हास बिघडले ते बर्फ कधी पाहिला नाही म्हणून. हे कारण मला पटत नाही. पहिल्या चित्रात राखाडी आणि दुसऱ्यात चुना, हा क्रम मी दरवर्षी बर्फ तुडवणाऱ्यांच्या चित्रांतही पाहिला आहे. उलट ज्यांनी बर्फ भरपूर पाहिला आहे त्यांना तो पांढरा असतो हे इतके पक्के ठाऊक असते, की समोरचा रंग कोणता आहे याकडे त्यांचे लक्ष जात नाही. तुमची अडचण उजेडाची आहे, आणि उजेडाचा अभ्यास नागपुरातल्या घराच्या गच्चीवर उत्तम होतो. बर्फाबद्दलही तुम्हाला काही माहिती कमी पडते आहे, हे खरे. पण ती सिमल्यात मिळणार नाही. ती कोणाकडे आहे त्याकडे मी पुढे येतो.

आधी सहकाऱ्यांच्या आक्षेपाविषयी. जपानी चित्रकार हिरोशिगे याने १८३३-३४ च्या सुमारास केलेल्या तोकाइदो या जपानमधील जुन्या हमरस्त्यावरील मुक्कामांच्या चित्रमालिकेत कांबारा गावाचे रात्रीच्या बर्फातले दृश्य आहे. बर्फाच्या जगप्रसिद्ध चित्रांत त्याची गणना होते, आणि कांबारा हे समुद्राजवळच्या सौम्य हवामानाच्या पट्ट्यातले गाव आहे, जेथे असा दाट बर्फ क्वचितच पडतो. पॅरिसच्या माँमार्त्र भागातल्या गल्ल्या रंगवणारा फ्रेंच चित्रकार युत्रिलो अनेकदा चित्रांची पोस्टकार्डे समोर ठेवून काम करीत असे. आक्षेप घेणारे म्हणतील की हिरोशिगेने अन्यत्र बर्फ पाहिला होता आणि युत्रिलो त्याच गल्ल्यांत वाढला होता, आणि ते म्हणणे बरोबर आहे. दोघांनीही पाहिलेले आणि न पाहिलेले एकत्र केले. तुम्हालाही तेच करायचे आहे. प्रत्येक वस्तू प्रत्यक्ष पाहिल्यावरच रंगवायची असा दंडक लावला, तर देवादिकांची आणि इतिहासातल्या प्रसंगांची सगळीच चित्रे बाद करावी लागतील. सहकाऱ्यांच्या म्हणण्यातला ग्राह्य भाग एवढाच, की छायाचित्रातला प्रत्येक ठिपका का आहे हे न समजता तो उतरवला, तर हात यांत्रिक होतो. म्हणूनच तुमचा तिसरा पर्याय, म्हणजे जसेच्या तसे उतरवणे, मला तिन्हींत सर्वांत कच्चा वाटतो.

आता त्या छायाचित्राकडेच पाहू. ताजा बर्फ त्याच्यावर पडलेल्या प्रकाशातला सुमारे ८० ते ९० टक्के प्रकाश परत फेकतो. त्यामुळे जो प्रकाश त्याच्यावर येईल, तोच रंग तो दाखवतो. उन्हात तो किंचित पिवळसर, संध्याकाळी गुलाबी, आणि सावलीत निळसर दिसतो, कारण सावलीत सूर्याचा थेट प्रकाश पोहोचत नाही आणि निळ्या आकाशाचा पोहोचतो. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने याचे 'मॅगपाय' हे १८६८-६९ चे चित्र आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. त्यात कुंपणाची सावली निळी-जांभळी आहे. १८६९ च्या सालोन या पॅरिसच्या अधिकृत कलाप्रदर्शनात हे चित्र नाकारले गेले होते. चित्र इंटरनेटवर मोठे करून पाहा आणि त्यात शुद्ध पांढरा रंग नेमका किती जागी सापडतो ते शोधा.

तुमच्या गल्लीत मात्र आणखी एक गोष्ट घडते आहे, आणि माझ्या मते दोन्ही कॅनव्हास तेथेच फसले. क्यूबेक सुमारे ४७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, नागपूर २१ वर. डिसेंबरच्या अखेरीस क्यूबेकमध्ये भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम २० अंश वर येतो. नागपुरात त्याच वेळी तो ४५ अंशांवर असतो. म्हणजे नागपुरात त्या दिवसांत दुपारी माणसाची सावली जवळजवळ त्याच्या उंचीएवढी पडते, तर क्यूबेकमध्ये उंचीच्या पावणेतीनपट. दहा मीटर उंचीच्या घराची सावली तेथे सत्तावीस मीटरांपर्यंत जाते. अरुंद गल्लीची रुंदी त्याहून कितीतरी कमी असते. तेव्हा ऊन गल्लीला आडवे येत असेल, तर गल्लीतला जमिनीवरचा सगळा बर्फ भर दुपारीही सावलीत असतो आणि ऊन फक्त एका बाजूच्या घरांच्या वरच्या मजल्यांना आणि छपरांना लागते. छायाचित्र पुन्हा एकदा पाहा. पत्रातल्या वर्णनावरून तेथे असेच असणार. अशा वेळी उन्हातली दगडी भिंत, तिचा दगड मुळात करडा असला तरी, सावलीतल्या बर्फापेक्षा उजळ दिसू शकते. तुम्ही गल्ली पांढरी केली आणि भिंत करडी ठेवली. बर्फ पांढरा आणि दगड करडा हे मनाने आधीच ठरवलेले होते. प्रत्यक्षात गल्ली निळसर करड्या छटेची आणि भिंत उबदार, उजळ हवी. त्या भिंतीवरून परतणारा पिवळट प्रकाश समोरच्या बर्फावर जेथे पडतो, तेथे निळ्यात थोडी ऊबही मिसळते. छपरांच्या वळचणींची खालची बाजू बर्फावरून वर उसळलेल्या प्रकाशाने उजळलेली असते, ही खूण अनेकांच्या नजरेतून सुटते.

कॅमेरा या बाबतीत भरवशाचा साक्षीदार नाही. सरासरी मध्यम करडी धरून उजेड मोजण्याची त्याची सवय असल्यामुळे बर्फाने भरलेली चौकट तो अनेकदा मळकट करतो, आणि गडद भाग जवळजवळ काळे करतो. तुमच्या पहिल्या कॅनव्हासमधला राखाडी रंग बहुधा तेथूनच आला. एक साधा उपाय आहे: पुठ्ठ्याच्या तुकड्याला वाटाण्याएवढे छिद्र पाडा, ते छायाचित्राच्या एकेका भागावर धरा आणि फक्त छिद्रातला रंग पाहा. मग तेच छिद्र कॅनव्हासवरच्या रंगावर धरा. गल्लीतला बर्फ आणि उन्हातली भिंत यांत उजळ काय, हे आधी छटांमध्ये, म्हणजे उजळ-गडदपणात, ठरवा, रंग नंतर.

आता गच्चीवरचा अभ्यास. नागपूरची थंडी त्यासाठी सोयीची आहे. २०१८ च्या डिसेंबरअखेर येथला पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, तरी बर्फ पडला नाही आणि पडणारही नाही. पण कोरडी हवा आणि निरभ्र निळे आकाश या दिवसांत मिळते, आणि निळ्या सावल्यांसाठी तेवढेच लागते. डिसेंबरअखेर येथे सकाळी साडेआठच्या सुमारास सूर्य २० अंशांवर असतो, म्हणजे क्यूबेकच्या भर दुपारच्या उंचीवर. त्या वेळी गच्चीवर धुतलेली पांढरी चादर पसरा, तिला थोडे उंचसखल करा, आणि तिच्या दोन बाजूंना विटा किंवा खोकी उभी करून मधे अरुंद गल्ली ठेवा. उन्हाची दिशा बदलून पाहायची असेल तर खोकी फिरवा. पाऊण तासात प्रकाश बदलतो, म्हणून लहान कॅनव्हास बोर्डवर झटपट तैलरंगातच टिपणे करा. तपशील नको, तीन-चार छटा पुरेत. दीक्षाभूमीच्या पांढऱ्या घुमटाकडेही याच वेळी जाऊन पाहावे: उन्हाकडील बाजू, सावलीकडील बाजू आणि खालच्या फरशीवरून वर आलेला प्रकाश, हे तिन्ही त्या एका गोलाईवर दिसतात. कापूस निघाल्यावर जिनिंग कारखान्याच्या आवारात कापसाचे ढीग लागतात. परवानगी मिळाली तर त्यांचा अभ्यास चादरीपेक्षाही चांगला, कारण ताज्या बर्फाप्रमाणेच कापसालाही कडक धार नसते आणि त्याच्या खोलगट भागात प्रकाश मुरतो.

ढगाळ दिवसाचे चित्र करायचे असते तर हा सगळा हिशेब वेगळा झाला असता. फ्रेंच चित्रकार कायबोत याने १८७८ मध्ये पॅरिसच्या बर्फाच्छादित छपरांचे चित्र केले. तेही ओर्सेत आहे. त्यात कोठेही ठळक सावली नाही. तपकिरी, जांभळट आणि करड्या छटा आहेत आणि तरीही बर्फाविषयी क्षणभरही शंका येत नाही. ज्या वाचकांकडे ढगाळ दिवसाचे छायाचित्र आहे, त्यांनी निळ्या सावल्यांचा हट्ट धरू नये. ढगाळ दिवशी क्षितिजाजवळचे आकाश पुष्कळदा जमिनीवरच्या बर्फापेक्षा गडद दिसते, हे मात्र ध्यानात ठेवावे. आकाश पांढरे ठेवले की बर्फ हमखास मळका वाटतो.

चादर आणि कापूस यांच्याकडून जे शिकता येणार नाही, ते म्हणजे शहरात बर्फाचे काय होते. तो छपराच्या कोणत्या बाजूला साचतो आणि कोणत्या बाजूने घसरतो? धुराड्याच्या भोवती तो वितळलेला असतो का? रस्ता साफ करणारी गाडी त्याचे ढीग कोठे लावते, आणि त्या ढिगांचा रंग दोन दिवसांनी काय होतो? चाकांच्या चाकोरीत पाणी असते की घट्ट बर्फ? पायवाट कोणत्या दारापाशी वळते? क्यूबेकमध्ये एका हिवाळ्यात सरासरी तीन मीटरांच्या आसपास बर्फ पडतो. तेथली माणसे त्याच्याबरोबर महिनोन्‌महिने राहतात आणि त्याच्या खुणा सगळ्या गल्लीभर असतात. या प्रश्नांची उत्तरे असलेली व्यक्ती तुमच्या घरातलीच आहे, आणि तुम्ही नेमके तिच्यापासून हे चित्र लपवत आहात.

म्हणून माझा मुख्य सल्ला असा: मुलीला सांगा. अचानक मिळालेल्या भेटीचा आनंद मोठा असतो, हे मी नाकारत नाही. पण या चित्रात तुमचे डोळे तीच आहे, आणि तिच्याशिवाय तुमच्या हातात एकच छायाचित्र उरते. चित्र करते आहे एवढेच सांगितले तरी चालेल. कॅनव्हास शेवटपर्यंत दाखवू नका, म्हणजे थोडे आश्चर्य शिल्लक राहील. तिने घर बदललेले असल्यामुळे ती खिडकी आता तिच्याकडे नसेल, पण गल्ली तेथेच आहे. तिला एखाद्या सुटीच्या दिवशी तेथे जाऊन सकाळी, दुपारी आणि दिवे लागल्यावर अशी छायाचित्रे काढायला सांगा. प्रत्येक दृश्याची एक प्रत फोनमधला उजेड वाढवून काढलेली असावी, म्हणजे गडद भागांत काय आहे ते कळेल. एक छोटी चित्रफीतही घ्यायला सांगा. आणि मग फोनवर वरचे प्रश्न विचारा. तिला कदाचित नव्या घराजवळचीच गल्ली अधिक आवडत असेल. तसे असेल तर हे आताच कळलेले बरे.

सिमल्याविषयी थोडक्यात. जाणार असाल तर आनंदाने जा. बर्फ हाताला कसा लागतो, पायाखाली कसा दबतो हे कळेल आणि उतरती पत्र्याची छपरेही पाहायला मिळतील. पण सिमला ३१ अंश उत्तर अक्षांशावर आहे, तेथला डिसेंबरचा दुपारचा सूर्य क्यूबेकपेक्षा बराच उंच असतो, आणि तुम्ही जाल त्या आठवड्यात बर्फ पडेलच याची कोणी हमी देत नाही. परवानगीचा शिक्का मिळवायचा म्हणून हा खर्च करू नये.

क्यूबेकच्या हिवाळ्याचे जाणकार चित्रकार पाहायचे असतील तर मॉरिस कलन याच्यापासून सुरुवात करा. पॅरिसमध्ये शिकून तो १८९५ मध्ये कॅनडात परतला आणि प्रभाववादी चित्रकारांची प्रकाशाची दृष्टी त्याने तिकडच्या बर्फाला लावली. क्यूबेकच्या हिवाळी संध्याकाळचे त्याचे चित्र, खिडक्यांतल्या आणि रस्त्यावरच्या पिवळ्या दिव्यांसह, तुमच्या विषयाला अगदी जवळचे आहे. शहराच्या चित्रात बर्फाला रंग देण्याचे अर्धे काम भिंती, दारे आणि खिडक्या करतात. एक तांबडे दार किंवा एक उजळलेली खिडकी असली की शेजारचा निळसर करडा भाग आपोआप बर्फ वाटू लागतो. छायाचित्रातल्या उभ्या मोटारी निम्म्या तरी काढून टाका. त्या ठेवल्याच पाहिजेत असे तुमच्यावर कोणाचेही बंधन नाही.

रंगकामाच्या काही सूचना. पांढऱ्या कॅनव्हासवर थेट सुरुवात करू नका. बर्न्ट सिएना या तांबूस तपकिरी रंगाचा पातळ, उबदार थर देऊन तो वाळू द्या. पांढऱ्यावर पांढऱ्याचा अंदाज येत नाही, आणि थंड निळ्यामधून मधेच डोकावणारी ती ऊब चित्राला उपयोगी पडते. सावलीतल्या बर्फासाठी अल्ट्रामरीन हा गडद निळा आणि पांढरा, त्यात बर्न्ट सिएनाचा कण. उन्हातल्या बर्फासाठी पांढऱ्यात अगदी थोडा यलो ऑकर, म्हणजे मातकट पिवळा. काळा रंग या चित्रात उघडूच नका. शुद्ध पांढरा शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवा आणि छपराच्या एखाद्या कडेवरच वापरा. नळी निवडताना टिटॅनियम व्हाइट घ्या. झिंक व्हाइटचे थर वाळल्यावर ठिसूळ होतात आणि तडकतात, आणि फ्लेक व्हाइटमध्ये शिसे असते. घरात नातवंडे येत-जात असतील तर तो नकोच. पांढऱ्या रंगाच्या काही नळ्यांत जवसाऐवजी करडईचे तेल असते. असा रंग कमी पिवळा पडतो, पण सावकाश वाळतो. त्यावरून स्वयंपाकघरातले करडईचे तेल रंगात घालण्याचा मोह होईल, तो टाळा; ते चित्रासाठी तयार केलेले नसते.

मे महिन्यात काम केल्याचाही थोडा दोष असावा. ४५ अंशांच्या उन्हाळ्यात रंग पातळ करण्याचे टर्पेंटाइन पाहता पाहता उडून जाते, रंग ओढला जात नाही आणि कडा एकमेकींत विरघळवता येत नाहीत. बर्फाला तर त्या मऊ कडाच हव्या असतात. शिवाय कूलरच्या झोतात ओल्या रंगावर धूळ बसते. डिसेंबर-जानेवारीत, खिडकी उघडी ठेवून काम करा. खालच्या थरांत तेल कमी आणि वरच्या थरांत अधिक, हा नियम पाळा. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल हवेत वाळताना उष्णता सोडते आणि असे बोळे आपोआप पेट घेऊ शकतात, विशेषतः आपल्या उन्हाळ्यात. त्या पसरून वाळवाव्यात किंवा झाकणाच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

राहिला डिसेंबरच्या पाठवणीचा प्रश्न. मोठे चित्र या डिसेंबरात पाठवू नका. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही, तो हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतो. वरून कोरडा लागलेला जाड पांढरा थर आतून महिनोन्‌महिने ओला असतो. नातेवाईक डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात निघणार असतील, तर गच्चीवरची दोन-तीन लहान टिपणे आताच, पातळ रंगात करून घ्या. उन्हाचा कोन तेव्हा डिसेंबरअखेरपेक्षा फारसा वेगळा नसतो. हाताला कोरडी लागत असतील तर मधे गुळगुळीत कागद घालून ती बॅगेत सपाट जातील, आणि मुलीला खोकी-चादरींच्या या गल्लीवरून तुमचा बेत समजावून सांगता येईल. मुख्य चित्र १२ बाय १६ इंचांच्या आसपास ठेवा, जानेवारीत पूर्ण करा आणि वाळताना अंधाऱ्या कपाटात बंद करू नका, कारण जवसाचे तेल अंधारात अधिक पिवळे पडते. उजेडाच्या खोलीत, पण थेट उन्हापासून दूर, भिंतीवर टांगा. वॉर्निश सहा महिने ते वर्षभराने. तोवर कोणी जाणारे मिळालेच आणि कॅनव्हास चौकटीवरून काढून गुंडाळावा लागला, तर रंगाची बाजू बाहेर ठेवून रुंद नळीवर सैल गुंडाळा. आत ठेवून घट्ट गुंडाळल्यास थर दबून सुरकुततो. तिकडे पोचल्यावर तो लगेच उलगडून पुन्हा चौकटीवर ताणून घ्यायला मुलीला आवर्जून सांगा.